विदर्भातील उन्हाळा आणि कोंबड्यांचे खुराडे

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि जादा उष्णता ती चोच उघडून, धापा टाकून, पंख अंगापासून दूर धरून बाहेर टाकते. अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा ही धडपड अपुरी पडते. कोंबडी खाणे सोडते, अंड्यांचे कवच पातळ होते आणि भर दुपारी मरतुक सुरू होते. म्हणून खुराड्याचे काम फेब्रुवारीतच हाती घ्यावे.

जागा उंचावरची, पाणी न साचणारी निवडावी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट बांधलेली भिंत तडकते. पायाची काळी माती काढून मुरूम भरावा, तो चांगला ठोकावा आणि जोते जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्यावे.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. मग सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मुख्यतः आखूड भिंतींवर पडते. पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण उंचीची बांधावी. दुपारनंतरचे ऊन आणि उष्ण वारा दोन्ही तीच अडवते. उत्तर-दक्षिणेच्या लांब बाजूंना मात्र फूट-दीड फूट उंचीचीच भिंत आणि वर छतापर्यंत जाळी असावी. मुंगूस आणि रानमांजर यांच्या भीतीने चारही बाजू विटांनी बंद करण्याची पद्धत अनेक गावांत दिसते. तिथे कोंबड्या शिकारी प्राण्यापासून वाचतात, पण उन्हाळ्यात कोंडलेल्या हवेने मरतात. बारीक छिद्रांची मजबूत जाळी आणि घट्ट बसणारे दार एवढ्याने राखण होते.

सर्वाधिक खर्च आणि लक्ष छताला द्यावे, कारण खुराड्यातील उष्णतेचा मोठा वाटा तापलेल्या पत्र्यातूनच खाली येतो. छत कडेला आठ आणि मध्ये दहा-बारा फूट उंच असावे, वळचण भिंतीबाहेर तीन-चार फूट यावी. पत्र्याला वरून चुन्याचा जाड पांढरा हात द्यावा. पहिल्या पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. पत्र्यावर तणस किंवा पराट्यांचा थर अंथरला तर आणखी फरक पडतो, मात्र वाळलेली पराटी लगेच पेट घेते. विजेची तार आणि चूल तिच्यापासून दूर हवी. वळवाच्या वादळात पत्रे उडतात, त्यामुळे ते आकड्यांनी आडव्या पाइपांना पक्के जखडावेत.

अंड्यावरच्या एका कोंबडीला गादी पद्धतीत साधारण दोन चौरस फूट जागा लागते. वीस बाय दहा फुटांच्या खुराड्यात शंभर पक्षी मावतात, पण उन्हाळ्यात ऐंशीच ठेवणे शहाणपणाचे. भाताच्या तुसाची गादी या दिवसांत दोन इंच पुरे. जाड गादी उष्णता धरून ठेवते. पाण्याची टाकी सावलीत आणि पाइप जमिनीखाली असावा, कारण कोंबडी कोमट पाणी टाळते. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावे.

वारा येतो त्या बाजूला ओले गोणपाट सोडल्याने कोरड्या हवेत चांगला गारवा मिळतो. दुसरी बाजू मोकळीच राहू द्यावी. जूनच्या सुरुवातीला आभाळ भरून दमट उकाडा वाढला, की गोणपाट भिजवणे आणि फवारे दोन्ही बंद करावेत. ओलसर हवेत धापा टाकूनही कोंबडीचे अंग निवत नाही, तिथे वाहता वारा आणि पंखाच उपयोगी.

हेच खुराडे डिसेंबरच्या थंडीतही वापरायचे असते. त्यासाठी जाळीला पडदे लावावेत, पण ते वरून बांधू नयेत. खालून वर ओढता येतील असे असावेत. रात्री पडदा ओढताना वरचा फूटभर भाग उघडा ठेवावा, म्हणजे विष्ठेतून निघणारा अमोनिया बाहेर पडतो आणि गार वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येत नाही.