गिऱ्हाईकाचा विश्वास : आधी ऐब सांगा, मग भाव

व्यापारी बांधवांनो, भांडवल कमी पडले तर उसने मिळते, पण गेलेली पत कोणी उसनी देत नाही. ही पत गोड बोलण्याने किंवा चहापाण्याने येत नाही. मालातील दोष गिऱ्हाईकाला आपल्या तोंडून कळला की दुसऱ्याकडून, यावर ती ठरते.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागाच्या कापडाचे उदाहरण घ्या. तुटलेला धागा, तेलाचा डाग किंवा भोक असेल तर ते ताका उलगडताच दिसते. पण बाण्यात दोन वेगवेगळ्या लॉटचे सूत मिसळले असेल तर ग्रे कापडावर बहुधा काहीच दिसत नाही. कापड रंगवले की मात्र फिकट-गडद पट्टे उठतात. तोवर गिऱ्हाईकाचा रंगाईचा खर्चही झालेला असतो.

काही वर्षांपूर्वी ही चूक माझ्याच हातून घडली. सूत कमी पडले म्हणून दुसऱ्या लॉटचे लावले आहे, हे मला ठाऊक होते. तरी गप्प राहून माल पाठवला. पट्टे उठले तेव्हा गिऱ्हाईक भांडले नाही. नुकसान कापून बाकी हिशोब चुकता केला आणि पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही. त्या गाठींचा तोटा मी हंगामात भरून काढला, ते गिऱ्हाईक मात्र कायमचे गेले.

इमाम अबू हनीफा (इ. स. 699-767) हे कूफा शहरातील कापडाचे व्यापारीही होते. चरित्रकार लिहितात की, त्यांनी ताकीद देऊनही त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड ऐब न सांगता विकले. घेणाऱ्याचा पत्ता लागेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका केली.

आपल्या धंद्यात पुढील गोष्टी पाळता येतील :

1) सौदा ठरताच नमुन्याचे दोन तुकडे करा. एक आपल्याकडे, एक गिऱ्हाईकाकडे. दोन्हींवर सही व तारीख. पन्हा, वजन, रीड-पिक लिहून ठेवा.

2) सदोष ताके वेगळे बांधा व चलनावर तसे स्पष्ट लिहा. सुताचा लॉट बदलला तर ताक्यांना वेगळी खूण करा, म्हणजे ते वेगळे रंगवता येतील. मिसळलेला माल सांगूनच विका. छपाईसाठी तो पुष्कळदा चालून जातो.

3) माल वेळेवर निघणार नसेल तर तारखेच्या आधी कळवा. उशीर सोसता येतो, खोटा वादा सोसवत नाही.

4) आपण विणकराकडून माल घेतो तेव्हा आपणही कोणाचे तरी गिऱ्हाईक असतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. विणकराचे पैसे अडवून गिऱ्हाईकाकडून दयानतीची अपेक्षा कशी करावी?

आता सूत बदलले की मी आधी कळवतो. कोणी भाव पाडतो, कोणी माल नाकारतो. पण जो घेतो, तो पुढच्या वेळी ताका न उलगडता घेतो. बरकत याहून वेगळी काय असते?