पांढऱ्या गच्चीचे धडे

१. चंद्रपुरात उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर खरी तगमग सुरू होते ती दिवेलागणीनंतर. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच आग खाली सोडतो. पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. म्हणून मोठा कूलर घेण्याआधी गच्ची पांढरी करा, असं मी भेटेल त्याला सांगतो. राखाडी काँक्रीट उन्हाचा बहुतेक भाग पोटात घेतं; चांगला, ताजा पांढरा लेप सुमारे ८० टक्के ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो.

२. पैसे कमी असतील तर चुना लावा, त्यात कमीपणा नाही. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारले की उन्हाळा निघतो. पावसाळ्यात तो धुपतो, पुढच्या वर्षी पुन्हा मारावा लागतो. चुना भिजताना उकळतो. पोरांना लांब ठेवा आणि डोळे जपा.

३. सगळ्यात आधी पांढरी व्हायला हवीत ती टिनाची घरं. ‘नवं टिन तर चमकतंच, त्याला रंग कशाला?’ असं लोक विचारतात. पण छपराला दोन कामं करावी लागतात: ऊन परतवायचं आणि तरीही आत शिरलेली उष्णता आकाशाकडे टाकून द्यायची. चमकता धातू पहिलं बऱ्यापैकी करतो, दुसऱ्यात फार कच्चा असतो, म्हणून हात लावला की चटका बसतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. शिवाय टिन पातळ. ऊन आणि माणूस यांच्यामध्ये दुसरं काहीच नसतं. त्याखाली भरदुपारी बाया स्वयंपाक करतात, शिलाई मशीन चालवतात, बाळंतिणी निजतात. २०१०च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादनं २०१३मध्ये उष्माघात रोखण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरंही पांढरी केली. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणानं २०२३मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. आपल्याकडे घरकुलाच्या हप्त्यासोबत छपराच्या रंगाचे पैसेही मिळावेत, असं मला मनापासून वाटतं.

४. लेप धुवावा लागतो. आमच्याकडे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र. राख आणि काजळी गच्चीवर बसते, पांढरं छप्पर मळकट होतं आणि तेवढं ऊन पुन्हा आत घेऊ लागतं. होळीच्या सुमारास खराटा आणि पाणी घेऊन एकदा गच्ची घासली की बराच पांढरेपणा परत येतो.

५. रंग मार्चमध्येच, सकाळी लवकर. तापल्या स्लॅबवर तो धड पसरायच्या आत वाळतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. भेगा आधी बुजवा. ऊन परतवणारा प्रत्येक लेप गळती थांबवतोच असं नाही. दुकानदाराला हे वेगळं विचारा.

६. फायदा वरच्या मजल्याला. तळमजल्यावरच्या भाडेकरूला फारसा फरक जाणवणार नाही, आणि पश्चिमेची भिंत तापत असेल तर तिला सावलीच हवी. गच्चीवर झोपणाऱ्यांना मात्र लाभ होतो: स्लॅब कमी तापलेला असल्यानं संध्याकाळी त्यावर बादल्या ओताव्या लागत नाहीत.

७. शेजारची इमारत उंच असेल तर तिरीप थेट त्यांच्या खिडकीत जाते. काम सुरू करण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या.