तलावाकाठच्या गावात कृषि पर्यटन : शांतता सांभाळा, उत्पन्न मिळवा



देशात सर्वात जास्त मोठी धरणे आपल्या महाराष्ट्रात आहेत. धरण म्हटले की जलाशय आला आणि जलाशयाच्या काठी गावे आली. यातील बऱ्याच गावांची चांगली जमीन पाण्याखाली गेली आणि वाट्याला डोंगरउताराची हलकी जमीन राहिली. अशा गावांत शहरातील कुटुंबे दोन दिवस मोकळ्या हवेत घालविण्यासाठी येऊ लागली आहेत. तलावाकाठी फिरणे, डोंगर चढणे, पक्षी पाहणे, शेतात हिंडणे आणि घरचे जेवण जेवणे एवढीच त्यांची अपेक्षा असते. योग्य नियोजन केल्यास यातून शेतीला चांगली जोड मिळते. नियोजन नसेल तर पैसा बाहेरचे लोक नेतात आणि कचरा गावात राहतो.

भंडारदऱ्याचे उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदरा धरण आहे. हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. धरणाजवळ शेंडी हे गाव आहे. जलाशयाच्या वरच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी असून तेथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. राज्यातील सर्वात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच परिसरात आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरील घोटीहून येथे येणे सोयीचे असल्याने दोन्ही शहरांतून लोक येतात.

येथील शेतकरी प्रामुख्याने भात, नागली, वरई व खुरासणी घेतो. पाऊस भरपूर असला तरी दुसऱ्या पिकाला पाणी मिळतेच असे नाही. म्हणून अनेक घरांनी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय, तलावाकाठी तंबू, वाटाड्याचे काम असे व्यवसाय सुरू केले आहेत. आपल्या गावाजवळ जलाशय असेल तर हा परिसर एकदा अवश्य पाहावा. मात्र पाहणी करणारा म्हणून न जाता पैसे देऊन पाहुणा म्हणून दोन दिवस राहावे. शौचालय कसे आहे, रात्री आवाज किती होतो, जेवण वेळेवर मिळते का, लहान मुले पाण्याजवळ गेली तर कोण लक्ष देते, हे सर्व पाहुण्याच्या नजरेने पाहून टिपून ठेवावे. खरी शिकवण त्यातूनच मिळते.

पाहुण्याला कोणत्या हंगामात काय दाखवावे

१) मे अखेर ते जूनचा मध्य : करवंदे, जांभळे व काजवे.
२) जुलै-ऑगस्ट : भात लावणी, धबधबे, रानभाज्या. भंडारदऱ्याचा जलाशय बहुधा ऑगस्टच्या मध्यास भरतो.
३) सप्टेंबर-ऑक्टोबर : सोनकी, तेरडा यांसारखी रानफुले.
४) नोव्हेंबर ते फेब्रुवारी : भात कापणी व झोडणी, गिर्यारोहण, पाणपक्षी, स्वच्छ आकाशातील तारे.
५) मार्च-एप्रिल : पाणी ओसरते. गर्दी कमी असल्याने दुरुस्तीची कामे याच काळात उरकावीत.

लावणी व कापणीच्या दिवसांत घरातील माणसे शेतात असतात. त्या दिवसांत झेपतील तेवढेच पाहुणे घ्यावेत. पाहुण्यासाठी लावणी लांबली तर जोडधंद्याने मुख्य धंद्याचे नुकसान केले असे होईल.

काजव्यांपासून घ्यावयाचा धडा

पावसाळ्यापूर्वी भंडारदरा परिसरातील झाडे काजव्यांनी उजळतात आणि ते पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. काजवा हा एक प्रकारचा भुंगेरा आहे. त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या अवस्थेत ओलसर माती व पालापाचोळ्यात जातो. ही अळी गोगलगाई, गांडुळे अशा मऊ प्राण्यांवर जगते. प्रौढ काजवा मात्र थोडेच दिवस जगतो आणि त्या दिवसांत प्रकाशाच्या खुणेने नर-मादी एकमेकांना शोधतात.

आता विचार करा. मोटारींचे दिवे, विजेऱ्या व कॅमेऱ्यांचे झोत यांमुळे ही खूण दिसेनाशी होते. माद्या पुष्कळदा गवतावर किंवा जमिनीलगत असतात. वाट सोडून फिरणाऱ्यांच्या पायाखाली त्या चिरडतात. मीलन झाले नाही तर अंडी नाहीत आणि अंडी नाहीत तर पुढील वर्षी काजवे नाहीत. म्हणजे जे पाहायला लोक येतात, तेच त्यांच्या गर्दीने नाहीसे होते.

यासाठी वाहने गावातच थांबवावीत. पुढे पायी, ठरलेल्या वाटेने, लहान गटाने न्यावे. विजेरीवर लाल कागद लावून झोत जमिनीकडे ठेवावा. झाडाखाली बोलणे व छायाचित्रणासाठी झोत टाकणे बंद ठेवावे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने वन विभागाचे त्या वर्षीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

शेतीतही एक बदल उपयोगी पडतो. भाताच्या रोपवाटिकेसाठी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जाळून राब भाजण्याची पद्धत सोडून गादीवाफ्यावर रोपे तयार करावीत. पाचोळा खतासाठी उपयोगी पडतो, झाडे वाचतात आणि त्यात वाढणारे जीवही वाचतात.

शांतता हेच आपले भांडवल

शहरात उत्तम जेवण, गाद्या व दूरदर्शन संच मिळतात. मिळत नाही ती शांतता, अंधार व स्वच्छ पाणी. हे तिन्ही आपल्याकडे फुकट असल्याने त्यांची किंमत आपल्याला कळत नाही. मोठ्या आवाजात गाणी लावणारा एक गट आला की शेजारची चार कुटुंबे पुन्हा येत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने बंदी आहे. ती आपल्या आवारात काटेकोर पाळावी. नियम एकट्याने पाळून भागत नाही. काठावरील सर्व व्यावसायिकांनी ग्रामसभेत बसून आवाज, मद्यपान, शेकोटी व कचऱ्याचे समान नियम ठरवावेत.

सांडपाणी व शौचालयाचा निचरा तलावाकडे जाता कामा नये. शोषखड्डा विहिरीपासून व पाण्याच्या काठापासून लांब घ्यावा. उताराच्या शेतातील नत्रयुक्त खतही पावसाबरोबर तलावात उतरते आणि शेवाळ वाढते. त्यासाठी बांध नीट ठेवावेत व काठालगत गवताचा पट्टा राखावा.

पाण्याजवळची सुरक्षितता

जलाशय म्हणजे पोहण्याचा हौद नव्हे. तळाशी गाळ, जुन्या विहिरी व बुडालेले बांध असतात आणि काठापासून दोन पावलांवर एकदम खोली लागू शकते. म्हणून :

* पाहुण्यांना पोहण्यास उतरू देऊ नये. आल्याबरोबर हे स्पष्ट सांगावे.
* परवानगी असलेल्या नावेतच बसवावे व प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालावे.
* मद्य घेतलेल्या व्यक्तीस नावेत घेऊ नये.
* काठावर दोर व हवा भरलेली टायरची ट्यूब कायम ठेवावी.
* पावसाळ्यात धबधब्याच्या माथ्यावर व निसरड्या खडकावर नेऊ नये.

जमीन व परवानगी

पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन आपली नसते. तेथे तंबू अथवा बांधकाम करण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी लागते. राज्याचे कृषि पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले असून केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. बँकेकडून कर्ज घेताना ही नोंदणी उपयोगी पडते.

काठाच्या जमिनीला एकदम मोठा भाव सांगणारे लोक येतील. विकण्यापूर्वी घरच्या सर्वांनी एकत्र बसून विचार करावा. पैसा काही वर्षांत संपतो. पुढे त्याच जागेवर आपल्या मुलाला पहारेकऱ्याची नोकरी मागावी लागेल, हा धोका लक्षात घ्यावा.

हिशोब मांडून पाहा

पुढील आकडे केवळ हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी आपल्या भागातील दर घालावेत. दोन खोल्या, वर्षात २५ मुक्काम, दर मुक्कामी सरासरी ६ पाहुणे आणि माणशी १,२०० रुपये धरल्यास एकूण जमा १,८०,००० रुपये होते. जेवणाचा खर्च माणशी ४५० रुपयांप्रमाणे ६७,५०० रुपये आणि वीज, धुलाई, दुरुस्ती व मदतनीस मिळून ४०,००० रुपये वजा जाता ७२,५०० रुपये उरतात. यातून कर्जाचा हप्ता द्यावयाचा आहे, हे विसरू नये.

या हिशोबात एक रकाना नेहमी राहून जातो, तो म्हणजे घरातील बाईच्या श्रमाचा. पहाटेच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंतचे काम बहुधा तिच्याच अंगावर पडते. तिची मजुरी धरूनच दर ठरवावा व ती रक्कम तिच्या खात्यावर जमा करावी. जेवणात बाजारचे पदार्थ आणण्यापेक्षा नागलीची भाकरी, वरईचा भात, खुरासणीची चटणी, रानभाज्या व घरचा सुवासिक भात द्यावा. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. हे वाण पाहुण्याच्या ताटात आले तर ते टिकतील आणि जाताना पाहुणा दोन किलो तांदूळही विकत नेईल.

सुरुवात लहान ठेवा

पहिल्या वर्षी असलेल्या घरातील एक खोली व स्वच्छ शौचालय एवढ्यावरच सुरुवात करावी. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काय आवडले व काय खटकले ते विचारून वहीत नोंदवावे. दुसऱ्या वर्षी त्या नोंदी पाहूनच पुढचा खर्च करावा. किती पाहुणे आले यापेक्षा किती पाहुणे परत आले, यावर या धंद्याचे यश मोजावे. तलाव, अंधार व शांतता जपली तर पाहुणा परत येईल. त्यासाठी गावाने आजच एकत्र बसून आपले नियम ठरवावेत.