प्रवाळांसाठी दिवा

प्रवाळभित्ती उभारणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात. प्रकाशसंश्लेषणाने ती जे अन्न तयार करतात, त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून प्रवाळांच्या लहान मत्स्यालयात दिवा हे पोषणाचे साधन ठरते.

समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा मात्र खोलवर पोहोचतो. यास्तव सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचे निळे एलईडी व त्यांच्या जोडीला पांढरे घ्यावेत. ते ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवावेत, म्हणजे उष्णता निघून जाईल. निळ्या व पांढऱ्या माळांना स्थिर प्रवाह देणारे स्वतंत्र ड्रायव्हर जोडावेत. प्रकाश मंद करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा खंडित करतात. चालू राहण्याचा अवधी जितका अल्प, तितका प्रकाश मंद. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे विजेच्या जोडण्यांवर उडू नयेत, म्हणून दिव्याखाली ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा लावावा.

नवा दिवा एकाएकी पूर्ण तेजाने लावल्यास प्रवाळ आपली शैवाले गमावतो, पांढरा पडतो आणि उपासमारीने मरूही शकतो. तेव्हा आरंभी तेज कमी ठेवून ते काही आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवावे.