आधी ब्रश, मग स्प्रे



रोज पहाटे मी बाल्कनीच्या दाराशी बसून हरिपाठ वाचते. त्याच वेळी आजी तुळशीला पाणी घालायला यायची. गेला महिनाभर ती येईनाशी झाली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. परवा विचारलं तर म्हणाली, "अगं, ते दार सरकत नाही माझ्याच्यानं. शिवाय केवढं करकरतं, सगळे जागे होतात. तू घालतेस की पाणी!"

मी दाराला टेकून वाचत होते आणि मला हे कळलंच नव्हतं. मनाला लागलं.

त्यात चूक माझीच. दिवाळीत दार आवाज करतं म्हणून मीच ट्रॅकमध्ये खोबरेल ओतलं होतं. दोन दिवस मस्त सरकलं. मग पुण्याची थंडी पडली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. त्यात धूळ, केस अडकले आणि काळा चिकट थर झाला. दाराचं सगळं वजन खालच्या छोट्या चाकांवर असतं. ती फिरायची थांबली की दार घासत, करकरत जातं.

रविवारी नीट केलं. तुम्हीही करून बघा:

१. आधी कोरडी सफाई. व्हॅक्यूम किंवा जुना टूथब्रश घेऊन धूळ काढा. आधीच पाणी घातलंत तर चिखल होतो.

२. मग कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. आईस्क्रीमच्या काडीला फडकं गुंडाळून कोपरे काढा. ट्रॅकला पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात, तीही मोकळी करा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत येतं.

३. पूर्ण वाळू द्या. घाई नको.

४. आता सिलिकॉन स्प्रे. फडक्यावर मारून ट्रॅकवर पुसा, चाकांपाशी अगदी थोडा. तेलापेक्षा यावर धूळ कमी चिकटते आणि कडेचं रबरही खराब होत नाही. खाली पेपर मात्र अंथरा, कारण फरशीवर उडाला तर फार घसरडं होतं. घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

५. दार आठ-दहा वेळा सरकवा, जास्तीचा स्प्रे पुसून घ्या. तरीही जड असेल तर चाक झिजलंय, ते बदलावं लागेल. काचेचं दार एकट्याने उचलू नका, अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलवा.

एकूण तास-दीड तास लागला. त्यातला स्प्रेचा भाग पाच मिनिटांचा, बाकी सगळी सफाई!

तेव्हा जाणवलं, मी वाचनाचंही असंच करते. मनात कालचा राग तसाच ठेवून वरून पाठ म्हणते. दोन दिवस बरं वाटतं, मग परत करकर. आधी मळ काढायला हवा. आणि डोळे पोथीत असले तरी कान घरात हवेत.

सोमवारी पहाटे दार एका बोटानं सरकलं. आवाज आला तो फक्त आजीच्या बांगड्यांचा. तुळशीला पाणी घालून ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "वाच, थांबलीस का?"

आजचा अभ्यास एवढाच: घरातल्या मोठ्यांना विचारा, कुठलं दार जड लागतं? ते आपणहून सांगत नाहीत.

राम कृष्ण हरी!