सापडलेले मूल आणि त्याच्या नावाची अमानत



काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक जोडपे माझ्याकडे आले. लग्नाला अकरा वर्षे होऊनही पदरी मूल नव्हते. त्या दिवशी पहाटे शेताच्या बांधावर त्यांना कापडात गुंडाळलेले अर्भक सापडले होते. त्यांनी विचारले, "मौलाना, अल्लाहनेच दिले म्हणायचे. आमच्या नावावर लावले तर काय बिघडले?" त्यांची माया खरी होती. तरीही मला 'नाही' म्हणावे लागले. ते का, हे आज समजून घेऊ.

शरीअतमध्ये अशा मुलाला 'लकीत' म्हणतात, म्हणजे उचलून घेतलेले. याच धातूपासून बनलेली क्रियापदे कुरआनमध्ये दोन बालकांसंबंधी आली आहेत. विहिरीत टाकलेल्या हजरत यूसुफ (अ.) यांना कोणी वाटसरू उचलून नेईल, असे त्यांचा एक भाऊ म्हणतो (१२:१०). नदीत सोडलेल्या हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनच्या घरचे उचलून घेतात (२८:८). उचलणाऱ्यांच्या दृष्टीने ही मुले बेवारस होती. प्रत्यक्षात मात्र एकीकडे याकूब (अ.) यांचे डोळे रडून पांढरे झाले होते आणि दुसरीकडे मूसांची बहीण दुरून त्यांच्यावर नजर ठेवून होती.

वाचकहो, मूल टाकलेले आहे की पळवलेले, हे सापडणाऱ्याला कसे कळणार? आपल्या कोल्हापूरने याचे भीषण रूप पाहिले आहे. १९९६ मध्ये अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना अटक झाली. १९९० पासून १३ मुलांचे अपहरण आणि त्यांतील ९ मुलांच्या हत्या, असा आरोप त्यांच्यावर होता. चोरी करताना संशय येऊ नये म्हणून लहान मुले जवळ बाळगली जात. खटला उभा राहण्यापूर्वीच अंजनाबाईचा मृत्यू झाला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली आणि दयेच्या अर्जांवरील विलंबामुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. आरोपातील साऱ्याच हत्या मात्र न्यायालयात सिद्ध होऊ शकल्या नाहीत. पळवलेल्यांत भीक मागणाऱ्या एका स्त्रीचे लेकरूही होते. अशा आईची तक्रार कोण ऐकणार? त्या वर्षांत कडेवर परके मूल घेतलेल्या या बायका बाजारांतून, एसटी स्थानकांतून, जत्रांतून वावरल्या. हे मूल कोणाचे, असे कोणी वेळीच विचारले असते तर?

हा प्रश्न विचारणे हीच उमर फारूक (रजि.) यांची रीत होती. अबू जमीला नावाच्या गृहस्थाला एक मूल सापडले. ते त्याला घेऊन खलीफांकडे गेले. हजरत उमर यांनी आधी विचारपूस केली. टोळीच्या प्रमुखाने अबू जमीला यांच्या सचोटीची ग्वाही दिल्यावर मूल त्यांच्याकडे सोपवले आणि जाहीर केले की हे मूल स्वतंत्र आहे व त्याचा खर्च आमच्याकडे. म्हणजे उचलणे, कळवणे, चौकशी आणि मग संगोपन, असा हा क्रम आहे. हनफी फुकहांच्या मते असे मूल उचलणे पुण्याचे आहे आणि त्याच्या जिवाला धोका असेल तर वाजिब. कोकणातील आपले शाफई बांधव ज्या मसलकावर चालतात त्यात ते फर्ज-ए-किफाया आहे आणि उचलताना साक्षीदार ठेवणे आवश्यक मानले आहे. पुढे मुलाचा वंश दडपला जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

हजरत जैद (रजि.) यांनाही बालपणी पळवून उकाजच्या बाजारात विकले होते. पुढे वडील हारिसा शोधत मक्केत आले, तेव्हा जैद यांनी स्वेच्छेने प्रेषित (स.) यांच्याजवळ राहणे पसंत केले. लोक त्यांना 'जैद बिन मुहम्मद' म्हणू लागले. मग आज्ञा आली की त्यांना त्यांच्या पित्यांच्या नावाने हाका मारा आणि पिता माहीत नसेल तर ते तुमचे धर्मबंधू आहेत (३३:५). प्रेषितांची माया अबाधित राहिली, पण नाव पुन्हा 'जैद बिन हारिसा' झाले. सर्वांत थोर नावही मुलाच्या खऱ्या नावाच्या जागी बसवले गेले नाही, तर आपल्या नावाची काय कथा?

देशाचा कायदाही हेच सांगतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार असे मूल सापडल्यास २४ तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती किंवा १०९८ या क्रमांकावर कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. सापडल्याचे ठिकाण आणि वेळ लिहून ठेवा. अंगावरचे कपडे, ताईत, दोरा धुऊ वा टाकू नका. उद्या तीच त्याची वंशावळ ठरू शकेल.

ते जोडपे त्याच रात्री बाळाला त्याच्या कापडासह पोलीस ठाण्यात घेऊन गेले. परतताना बहीण खूप रडली. मी तिला एवढेच म्हणालो, "बेटी, तू त्याला गमावले नाहीस. त्याची अमानत पोहोचवलीस." पालनपोषणाचा रस्ता बंद झालेला नाही. तो आता कायद्याच्या दारातून जातो, आणि अनाथाला सांभाळणारा जन्नतमध्ये दोन बोटांइतका माझ्याजवळ असेल, ही प्रेषितांची खुशखबर त्यांच्यासाठीही आहे.

अल्लाह प्रत्येक हरवलेल्या लेकराला त्याच्या माणसांपर्यंत पोहोचवो. आमीन.