तिकिटाच्या आधी

चि. प्रतीक,

नगरसेवकाच्या तिकिटासाठी आमदारांकडे शब्द टाका, असं लिहिलंस. मी टाकणार नाही. रागावू नको, कारण ऐक.

आपल्या नागपुरात अर्धेंदु भूषण बर्धन नावाचा माणूस होऊन गेला. तुला फार तर टीव्हीवरचे म्हातारे कॉम्रेड आठवत असतील. जन्म १९२४ चा, पूर्व बंगालातला. पोरवयात नागपूरला आले, इथल्याच विद्यापीठात शिकले, विद्यार्थी चळवळीत शिरले. घरचे बंगाली, पण सभेत मराठी अस्खलित. १९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष आमदार झाले. पुढे १९६७ आणि १९८० मध्ये लोकसभा लढवली, दोन्ही वेळा पडले.

मला त्यांचा भारतीय कम्युनिस्ट पक्ष कधीच पटला नाही, हे तुझ्या आईला विचार. पण पडलेला उमेदवार पाच वर्षं दिसत नाही, तसं त्यांचं नव्हतं. कापड गिरणी, हातमाग, वीज कामगार ही त्यांची माणसं होती. निवडणूक आली नि गेली, संघटनेचं काम चालूच. तुरुंगवास झाला, भूमिगत राहणं झालं. आदिवासींच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. १९९६ मध्ये पक्षाचे सरचिटणीस इंद्रजित गुप्त केंद्रात गृहमंत्री झाले, तेव्हा सरचिटणीसपद बर्धनांकडे आलं, ते २०१२ पर्यंत. स्वतः मंत्री कधीच झाले नाहीत. तिकडे स्वित्झर्लंडच्या रूथ ड्रायफसही कामगार संघटनेतूनच आल्या आणि १९९९ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. कोणाच्या पदरात काय पडेल, ते आपल्या हाती नसतं बाप्पा.

तुझ्या हाती काय आहे ते सांगतो. तुझ्या वॉर्डात ठेकेदाराकडचे सफाई कामगार पहाटे हजेरीला उभे असतात. त्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो, तो खात्यात भरला जातो का? हजेरीपटावर किती दिवस लागले आणि हातात पैसे किती दिवसांचे आले? तुझ्या फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो अकरा आहेत. त्या सफाई कामगारांतल्या एका तरी बाईचं नाव तुला माहीत आहे का?

आधी चार-पाच जणींच्या पगारपावत्या आणि पासबुकं बघ. त्या लगेच देणार नाहीत, काहून द्याव्यात? दोन-तीनदा जावं लागेल. झेरॉक्स मिळाल्या की घेऊन ये. अर्ज कुठे आणि कसा करायचा ते मी दाखवतो. रविवारी सकाळी घरीच असतो.

तुझा,
मामा